हवेची नाडी पाहणारा माणूस

मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीला लावलेला कूलर जीव वाचवतो आणि मृगाचा पाऊस पडून गेला की तोच कूलर नकोसा होतो. खोली गार होण्याऐवजी चिकट होते, गादी ओलसर लागते, बरणीतले मीठ पाणी सोडते. मग दोष कूलरला दिला जातो. कोणी आतले गवत बदलतो, कोणी मोटार बदलतो. वास्तविक कूलरमध्ये काहीही बिघडलेले नसते. बदललेली असते ती हवा.

दोष यंत्रात आहे की हवेत, हा प्रश्न साधा वाटतो. पण तो नीट विचारायला आणि गणिताने सोडवायला विसावे शतक उजाडावे लागले. ज्याने तो सोडवला त्या विलिस कॅरियरचे नाव जगभरच्या वातानुकूलन यंत्रांवर आजही छापलेले असते. त्या नावामागे एक हाडामांसाचा माणूस होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. जालना जिल्ह्यातल्या गोदामांत, दवाखान्यांत आणि कारखान्यांत शीतयंत्रांची देखभाल करण्यात माझी तीस वर्षे गेली. आमच्या धंद्याला कुलपुरुष असेल तर तो हाच, असे मी मानतो. म्हणून आज त्याच्याविषयी.

कॅरियरचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ चा. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात ईरी सरोवराजवळ अँगोला नावाचे गाव आहे, तिथल्या शेतकरी कुटुंबातला हा एकुलता एक मुलगा. आई घरातली घड्याळे आणि शिवणयंत्रे स्वतः दुरुस्त करणारी. मुलाला अपूर्णांक समजेनात, तेव्हा तिने तळघरातून सफरचंदे आणायला लावली, त्यांचे निरनिराळे तुकडे केले आणि त्याच्याकडून त्यांची बेरीज-वजाबाकी करून घेतली. कोणताही प्रश्न आधी तुकड्यांत वाटून घ्यायचा, ही सवय त्याला तिथे लागली. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली. सवय मात्र जन्मभर टिकली.

१८९३ च्या मंदीने घरची परिस्थिती ओढगस्तीची झाली. गाईंच्या धारा काढणे, शेतीत राबणे, मधल्या काळात शाळेत शिकवणे असे करत तो शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठात पोहोचला. तिथेही लोकांच्या बागेतले गवत काप, खाणावळीत वाढप्याचे काम कर, असे करून त्याने खर्च भागवला. १९०१ साली इंजिनिअर होऊन तो बफेलो फोर्ज या कंपनीत लागला. पगार आठवड्याला दहा डॉलर. कंपनी पंखे आणि हवा तापवण्याची यंत्रे बनवी. त्याच्या लगेच लक्षात आले की ही यंत्रे अंदाजपंचे बनतात. किती नळ्यांतून किती वाफ सोडली तर किती हवा किती तापेल, याचा तक्ताच कोणाकडे नव्हता. अंदाज चुकू नये म्हणून प्रत्येक जण यंत्र गरजेपेक्षा मोठे करी आणि त्या मोठेपणाचे पैसे गिऱ्हाईक भरी. कॅरियरने प्रयोग करून स्वतःचे तक्ते तयार केले. आधी मोजायचे आणि मग यंत्राला हात लावायचा, हा त्याचा पहिला धडा होता.

दुसऱ्या वर्षी खरी परीक्षा आली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा छापखाना होता. रंगीत चित्रे छापताना एकच कागद यंत्रातून रंगागणिक पुन्हा पुन्हा जाई. उन्हाळ्यातल्या दमट दिवसांत कागद ओलावा शोषून किंचित पसरे, कोरड्या दिवशी आकसे. पहिल्या रंगावर दुसरा रंग नेमका बसेना आणि ताव वाया जात. यंत्रे चांगली, कारागीर चांगले, शाई चांगली; तरी छपाई वाईट. तक्रार कंपनीच्या विक्री विभागातल्या अर्विन लाइलमार्फत पंचविशीतल्या कॅरियरकडे आली.

आपण कोणीही असतो तर खोली गार करून द्या म्हटले असते. कॅरियरने रोगाचे नाव वेगळे ठेवले. कागदाला उष्णतेचा त्रास नाही, ओलाव्याच्या चढउताराचा त्रास आहे. म्हणजे खोलीतली सापेक्ष आर्द्रता वर्षभर एकाच पातळीवर धरली पाहिजे. ठरले ते ५५ टक्के. तापमान हिवाळ्यात २१ आणि उन्हाळ्यात सुमारे २७ अंश सेल्सिअस. हवामान खात्याचे तक्ते घेऊन त्याने किती थंड नळ्या लागतील याचा हिशेब मांडला. दिवसाला ५४ टन बर्फ वितळवण्याइतके ते काम होते. त्या आराखड्यांवरची तारीख १७ जुलै १९०२ आहे आणि आधुनिक वातानुकूलनाचा जन्मदिवस म्हणून तीच धरतात. लक्षात घ्यावे की हा शोध माणसाच्या सुखासाठी लागलेला नाही. तो कागदाच्या सोयीसाठी लागला.

जालन्यात ही गोष्ट सांगताना मी कागदाच्या जागी बियाणे ठेवतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको कंपनी सुरू केली आणि पुढे एकामागून एक कंपन्या येऊन जालना देशभर बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. बी ही जिवंत वस्तू आहे. ते पोत्यातही मंद श्वास घेत असते. हवा दमट असली की त्यात ओलावा शिरतो, श्वास वाढतो, बुरशी धरते आणि पेरणीच्या आतच बी म्हातारे होते. बीजशास्त्रज्ञ हॅरिंग्टन यांनी यासाठी ढोबळ नियम सांगून ठेवले आहेत. बियातला ओलावा एका टक्क्याने उतरवला किंवा साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने उतरवले, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. आणि फॅरनहाइटमधले तापमान व आर्द्रतेची टक्केवारी यांची बेरीज शंभराच्या आत असावी.

या बेरजेचे महत्त्व मला एका गोदामात पटले. तिथे बियाण्याच्या नमुन्यांची उगवणशक्ती घसरत होती. गारवा कमी पडतो असे मालकांच्या मनाने घेतले आणि जुने यंत्र काढून त्याहून मोठे बसवले गेले. मी गेलो तेव्हा भिंतीवरचा तापमापक १० अंश दाखवत होता आणि सगळे समाधानी होते. फक्त आर्द्रता कोणी मोजली नव्हती. मोजली तर ती ७० टक्के निघाली. दहा अंश म्हणजे ५० फॅरनहाइट, बेरीज १२०. त्याऐवजी १५ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असती, तर बेरीज ९९ झाली असती. गोदाम अधिक गार करून बियाण्याला अधिक धोक्यात घातले होते.

असे का व्हावे? शीतयंत्राच्या थंड नळ्यांवर हवेतला ओलावा थेंबांच्या रूपाने जमतो आणि पन्हाळीतून बाहेर जातो. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेल्या पेल्याला बाहेरून घाम सुटतो, तसेच हे. पण त्यासाठी यंत्र बराच वेळ चालावे लागते. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटपट गार करून थांबते. नळ्यांवरचे थेंब निथळण्याआधीच पुन्हा हवेत मिसळतात. थोड्या वेळाने यंत्र पुन्हा सुरू होते, पुन्हा थांबते. तापमान आज्ञाधारकपणे खाली राहते आणि दमटपणा तसाच राहतो. उपाय यंत्र वाढवण्यात नव्हता. दाराच्या फटी बुजवण्यात, यंत्र कमी शक्तीवर दीर्घकाळ चालवण्यात आणि ओलावा शोषणारे सिलिका जेलचे यंत्र जोडण्यात होता.

ही चूक केवळ मालकाच्या खिशाला लागत नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते आणि सोयाबीनचे बी मुळातच नाजूक. भोकरदन किंवा मंठ्याचा कोरडवाहू शेतकरी उसनवारी करून पिशवी नेतो, पावसाचा भरवसा धरून पेरतो आणि आठव्या दिवशी ओळी रिकाम्या दिसल्या तर दुबार पेरणी त्याच्या कपाळी येते. त्या रिकाम्या ओळींचे एक मूळ कधी कधी न मोजलेल्या आर्द्रतेत असते.

कॅरियरकडे परत येऊ. ब्रुकलिनच्या कामावर त्याचे समाधान नव्हते. त्याच १९०२ सालात एका रात्री पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर तो गाडीची वाट पाहत उभा होता आणि सगळीकडे दाट धुके होते. धुके म्हणजे ओलाव्याने काठोकाठ भरलेली हवा. पण हवा थंड असल्यामुळे काठोकाठ भरूनही तिच्यात एकूण पाणी थोडेच होते. त्याच्या डोक्यात आले की आपणच असे धुके तयार करावे. थंड पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेली तर ती त्या पाण्याच्या तापमानाला जेवढे मावेल तेवढेच पाणी घेऊन बाहेर पडेल. वरचे फवाऱ्यातच उतरेल. नंतर ती थोडी तापवली की हवी तेवढी कोरडी. पाण्यात भिजवून हवा सुकवायची, ही कल्पना ऐकताना वेडगळ वाटते. २ जानेवारी १९०६ रोजी तिचे पेटंट त्याला मिळाले.

पहिली मोठी गिऱ्हाइके मिळाली ती कापड गिरण्यांत. कोरड्या हवेत सूत तुटते, ही व्यथा आपल्याकडेही जुनीच. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यावर उपाय म्हणून हवेत ओलावा सोडणारी यंत्रे बसवली होती. म्हणजे गरज सगळ्यांना कळली होती आणि उपायही चालू होते. कॅरियरने त्यांत हिशेब आणला. १९०७ साली त्याची यंत्रणा जपानमधल्या योकोहामाच्या रेशीम गिरणीपर्यंत पोहोचली. १९११ मध्ये अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या सभेपुढे त्याने आपली सूत्रे मांडली. हवेचे तापमान, तिच्यातला ओलावा, दवबिंदू आणि उष्णता यांचे नाते सांगणारा जो आलेख वातानुकूलनाचे विद्यार्थी आजही शिकतात, तो याच कामातून रुजला.

हा आलेख माझ्या पिशवीत कायम असतो. जालन्याची मे महिन्यातली दुपार घ्या: ४२ अंश तापमान, १५ टक्के आर्द्रता. एक किलो हवेत जेमतेम आठ ग्रॅम पाणी. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक अशा हवेत २२ च्या आसपास उतरतो. म्हणूनच कूलर मेमध्ये एवढा प्रेमळ. आता जुलै-ऑगस्टचा झडीचा दिवस घ्या: ३० अंश, ८० टक्के. किलोभर हवेत वीस ग्रॅमहून जास्त पाणी आणि ओला तापमापक २७ च्या खाली येत नाही. मोठ्या इमारतींच्या गच्चीवर जो कूलिंग टॉवर असतो, तोही याच ओल्या तापमापकाशी बांधलेला. त्यामुळे मेच्या रणरणत्या उन्हात तो पाणी जितके गार करतो, तितके ऑगस्टच्या ढगाळ दिवशी करू शकत नाही. दर पावसाळ्यात टॉवर बिघडल्याची तक्रार घेऊन फोन येत आणि दर पावसाळ्यात मी आधी दोन तापमापक काढी.

पहिल्या महायुद्धाच्या सावटाखाली बफेलो फोर्जने हा विभाग बंद करायचे ठरवले. तेव्हा कॅरियर, लाइल आणि त्यांचे पाच तरुण सहकारी यांनी १९१५ साली बत्तीस हजार सहाशे डॉलरच्या भांडवलावर आपली कंपनी काढली. तिचे सर्वांत मोठे काम १९२२ मध्ये न्यूअर्क इथे लोकांसमोर आले, ते म्हणजे सेंट्रिफ्यूगल चिलर. आधीची यंत्रे अवाढव्य आणि बहुधा विषारी अमोनियावर चालणारी. फुटली तर माणसे गुदमरतील अशी. गर्दीच्या इमारतीत ती ठेवणे धोक्याचे. कॅरियरने दट्ट्याच्या जागी वेगाने फिरणारे चाक आणले आणि अमोनियाऐवजी त्या मानाने सुरक्षित द्रव वापरला. यंत्र आटोपशीर झाले आणि माणसांच्या इमारतीत शिरले.

आज मोठ्या दवाखान्याच्या किंवा कार्यालयाच्या तळघरात जो प्लँट असतो त्याचे अंतरंग मुळात तेच आहे. चिलर पाणी गार करतो, पंप ते मजल्यामजल्यावर नेतो, तिथले पंखे त्या थंड नळ्यांवरून हवा फिरवतात. इमारतीची उष्णता घेऊन पाणी परत येते आणि ती उष्णता टॉवरमधून आकाशात जाते. हे चक्र कळले की आजार शोधणे वैद्यकीसारखेच. तक्रार नेहमी एकच असते, गार होत नाही. कारणे मात्र अनेक.

मी पाहिलेला क्रम असा. बऱ्याच प्लँटमध्ये चिलरमधून पाणी साधारण ७ अंशांवर निघते आणि १२ अंशांवर परत येते. हे दोन आकडे ठीक असूनही एखादी खोली तापत असेल, तर चिलरला हात लावू नये. त्या खोलीच्या पंख्याची जाळी धुळीने भरलेली असते किंवा पट्टा सैल झालेला असतो. पाणी ७ वर जाऊन ८ वरच परत येत असेल, तर ते उष्णतेला न भेटताच फिरून येत आहे. कुठे तरी एखादी झडप उघडी आहे. उलट्या बाजूला, कंडेन्सरमधला दाब चढला असेल, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान आणि आतल्या गॅसचे तापमान यांतले अंतर पाहावे. ते एक-दोन अंशांवरून वाढत चालले असेल तर नळ्यांच्या आत क्षारांचा पांढरा थर धरला आहे, हे समजून चालावे. आमच्या भागातले बोअरचे पाणी जड, त्यामुळे इथला हा नेहमीचा आजार. आणि यांतल्या प्रत्येक आजारावर घाईचा उपाय एकच केला जातो, तो म्हणजे गॅस भरणे. गळती नसताना भरलेला गॅस म्हणजे ताप न मोजता टोचलेले इंजेक्शन.

कॅरियरच्या चिलरला लोकांपुढे आणले ते दुकानांनी आणि चित्रपटगृहांनी. डेट्रॉइटच्या हडसन स्टोअरमध्ये स्वस्त मालाच्या तळघरात एवढी गर्दी होई की बायका चक्कर येऊन पडत. १९२४ मध्ये तिथे तीन चिलर बसले. चित्रपटगृहांत वेगळीच अडचण होती. जुन्या पद्धतीत थंड हवा खुर्च्यांखालून सोडत. ती जड, खालीच राहायची. प्रेक्षकांचे पाय गारठत आणि डोके घामाघूम. काही जण पायांना वर्तमानपत्र गुंडाळून बसत. कॅरियरच्या मंडळींनी हवा छतातून हळूच सोडून खालून परत घेतली. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरमध्ये पहिल्या खेळाला प्लँट सुरू व्हायला उशीर झाला. लोक हातात विंझणे घेऊनच आले होते आणि सबंध सभागृह फडफडत होते. कॅरियर बाहेर अस्वस्थ होऊन पाहत राहिला. हळूहळू एकेक विंझणा मांडीवर उतरला आणि शेवटी सगळे थांबले. आठ वर्षांनी, १९३३ मध्ये, मुंबईच्या कुलाब्यात वातानुकूलित रीगल उघडले आणि ही हवा मराठी मुलखातही आली.

माणूस म्हणून तो कामात हरवलेला. प्रवासाला मोठी बॅग घेऊन निघाला आणि उघडून पाहतो तर आत एकच रुमाल, अशी आख्यायिका सांगतात. त्याच्या दोन पत्नी त्याच्या हयातीत गेल्या. तिसरा विवाह उतारवयात झाला. १९२८-२९ मध्ये अमेरिकेच्या संसदेची दोन्ही सभागृहे वातानुकूलित झाली आणि लगेच महामंदी आली. कंपनी विलीनीकरणाने तगली आणि १९३७ मध्ये सिरॅक्यूजला गेली. दुसऱ्या महायुद्धात क्लीव्हलंडच्या वायुबोगद्यात विमानांच्या चाचणीसाठी उणे ५५ अंशांची हवा तयार करण्याचे काम त्याने केले आणि तेच आपले सर्वांत मोठे काम असे तो मानत असे. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले.

त्याच्या देणगीचा हिशेब मात्र पुरा मांडला पाहिजे. पुढे चिलरमध्ये जे वायू वापरात आले त्यांनी आकाशातल्या ओझोनच्या थराला इजा केली. त्यांना आवर घालण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियलचा करार करावा लागला. वीज खाल्ली जाते ती वेगळीच. आणि पाणी. शंभर टनांचा प्लँट पूर्ण भाराने चालला तर त्याच्या टॉवरमधून तासाला सुमारे साडेसहाशे लिटर पाण्याची वाफ होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना टँकरकडे डोळे लावून बसला होता. ज्या नळ्यांवर क्षार साचले आहेत तो चिलर तेवढ्याच गारव्यासाठी जास्त वीज ओढतो आणि ती सगळी उष्णता बाहेर टाकताना पाणीही जास्त उडवतो. अशा गावात नीट निदान न करता प्लँट रेटणे म्हणजे शेजाऱ्याच्या हंड्यातून पाणी काढणे होय.

कॅरियरने पहिल्या नोकरीत तक्ते केले ते गिऱ्हाइकाने फुकटच्या मोठ्या यंत्राचे पैसे भरू नयेत म्हणून. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी मोठे यंत्र विकणे सोपे आणि मोजमाप विकणे कठीण, ही स्थिती बदललेली नाही. जालन्यातल्या कुठल्याही गोदामात, शाळेत वा दवाखान्यात शीतयंत्रासाठी लाखांचा खर्च मंजूर होण्यापूर्वी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीवर लागावा आणि महिनाभर त्याची रोज नोंद व्हावी, एवढे जरी झाले तरी निम्म्या तक्रारींचे मूळ यंत्राला हात न लावता सापडेल.